तीन वाजता कोण जागं असतं?

आगीच्या १७ वर्षे आधी

मुंबई, गोरेगाव पश्चिम, आझाद नगर. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतली ‘जय भवानी’ इमारत २००६ च्या सुमारास उभी राहिली. तळमजला आणि वर पाच मजले. पत्र्याखाली दिवस काढलेल्या माणसांच्या डोक्यावर पहिल्यांदा स्लॅब आला. घरं लहान, पण पक्की. खाली गाड्या लावायला जागा.

१५ वर्षे आधी

६ डिसेंबर २००८. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ लागू झाला. या कायद्याने आगीपासून बचावाची यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर आणि तिथे राहणाऱ्यांवर टाकली आहे. बिल्डर चावी देऊन निघून गेला की पुढचं सगळं सोसायटीचं. दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून घ्यायची आणि तसा दाखला, ज्याला सगळे ‘फॉर्म बी’ म्हणतात, अग्निशमन दलाकडे द्यायचा. वर्षातून दोनदा, एवढंच काम. किती सोसायट्यांच्या सेक्रेटरींनी हा कागद डोळ्यांनी पाहिलाय, हे प्रत्येकाने आपल्या जिन्यात विचारून बघावं.

आदला दिवस, ५ ऑक्टोबर २०२३

पितृपक्ष चालू होता. जय भवानीच्या पार्किंगमध्ये दुचाकी, मोटारी, आणि त्यांच्या बाजूला जुन्या कपड्यांचे, चिंध्यांचे गठ्ठे. हे गठ्ठे म्हणजे कुणाचा तरी धंदा, कुणाच्या तरी घरची चूल. दोन खोल्यांच्या घरात माल कुठे ठेवणार? म्हणून तो खाली आला. मी त्या माणसांना दोष देणार नाही. आमच्या चांगल्या शिकलेल्या लोकांच्या पार्किंगमध्येही जुन्या गाद्या, पुठ्ठे आणि मोडका सोफा आहेच.

पहाटे २

सगळी इमारत झोपलेली. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गाढ झोपेत माणसाचं नाक पहारा देत नाही. ‘धुराचा वास आला की जाग येईलच’ हा आपला भरवसा खोटा आहे. धुराबरोबर येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नाही नि रंगही नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो बळकावतो. झोपलेला माणूस आणखी खोल झोपतो, आणि जाग आलीच तर डोकं जड, पाय लटपटतात, दाराची कडी हाताला सापडत नाही. कान मात्र झोपेतही बऱ्यापैकी जागे असतात. म्हणून रात्रीच्या आगीत वाचवते ती घंटा.

पहाटे ३ च्या सुमारास

शुक्रवार, ६ ऑक्टोबर. तळमजल्यावर आग लागली. कपडा पेटला, गाड्या पेटल्या. रबर, सीटचा फोम, टाकीतलं पेट्रोल. या तिन्हींचा धूर काळा, दाट आणि विषारी असतो.

खाली पार्किंग, मधोमध जिना, वर घरं. आपल्या बहुतेक अपार्टमेंटचा नकाशा हाच. गरम धूर वर चढतो, आणि जिन्याहून सरळ वाट त्याला कुठे मिळणार? जिना धुराडं होतो. माणसांना खाली उतरायची वाट आणि धुराला वर चढायची वाट एकच. घाबरून दार उघडलं की धूर घरात शिरतो.

पुढची काही मिनिटं

आम्ही सांगलीकर इशाऱ्याची किंमत जाणतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ वर धोका. पावसाळ्यात लहान पोरंही हे आकडे सांगतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हाही कोयना धरणातून किती पाणी सोडलंय, नदी किती वाढली, हे तासातासाला कळत होतं. पुराने आम्हाला बुडवलं, पण सामान वर चढवायला, म्हाताऱ्यांना पाहुण्यांकडे हलवायला थोडा तरी वेळ दिला. आग तासांचा वेळ देत नाही. ती मिनिटं देते, आणि तीही जागा असणाऱ्यालाच. जय भवानीत ती मिनिटं झोपेत गेली. आग विझवण्याची यंत्रणा तिथे नव्हती, असं नंतर अधिकाऱ्यांनी सांगितलं.

पहाटे ४ ते ६

अग्निशमन दलाचे जवान वर चढत होते. वेगवेगळ्या मजल्यांवर आणि गच्चीवर माणसं अडकलेली. तीसहून अधिक जणांना त्यांनी बाहेर काढलं. जखमींना जोगेश्वरीच्या ट्रॉमा रुग्णालयात आणि कूपरला नेत होते.

सकाळी ६:५४

आग विझली. सात जण गेल्याचं त्या दिवशी जाहीर झालं, त्यात अल्पवयीन मुलंही होती. जखमी चाळीसहून अधिक. आग होती तळमजल्यावर. वरच्या मजल्यांवर जे पोचलं ते मुख्यतः धुराच्या रूपाने.

त्याआधीची एक रात्र, लंडन, १४ जून २०१७

ग्रेनफेल टॉवर, २४ मजले. चौथ्या मजल्यावरच्या एका घरात धुराची घंटा वाजली. घरातला माणूस उठला, स्वयंपाकघरात फ्रीजपाशी धूर दिसला, त्याने दार गाठलं आणि रात्री १२ वाजून ५४ मिनिटांनी अग्निशमन दलाला फोन केला. तो वाचला. पण ती घंटा त्याच्या एकट्याच्या घराची होती. सगळ्या इमारतीला एकदम उठवून बाहेर काढेल अशी घंटा तिथे नव्हती. उलट आपापल्या घरात थांबा, असाच सल्ला दिला जात होता, आणि तो सोडून द्यायला २ वाजून ४७ मिनिटं झाली. ७२ माणसं गेली. एका घराची घंटा एकालाच उठवते, हे त्या रात्रीने दाखवलं.

त्यानंतर

गोरेगावनंतर पुनर्वसन इमारतींच्या अग्निसुरक्षा तपासणीची घोषणा झाली. पण नियमाची मूळ रेघ तिथेच आहे. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे १५ मीटर आणि त्यावरची इमारत उंच धरतात. तिथून पुढे बटण दाबून वाजवायची विजेची घंटा लागते. धूर ओळखून आपोआप वाजणारी यंत्रणा राहत्या इमारतींना त्याहून पुष्कळ वर गेल्यावर. १५ मीटरच्या खालच्या घरांना घंटेची सक्ती नाही. सांगली, मिरज, कुपवाड, विटा, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर), सगळीकडे माणसं राहतात ती बहुतेक याच रेघेखाली. धुराला मीटर मोजता येत नाहीत.

२०२५ च्या नोव्हेंबरात आमच्याच जिल्ह्यात, विट्यात, खाली दुकान आणि वर घर असलेल्या इमारतीला आग लागली. एका कुटुंबातले चौघे गेले. खाली माल, वर झोपायची खोली. ही रचना आपल्या प्रत्येक बाजारपेठेत आहे.

विश्रामबाग, सांगली, रविवार, दुपारी ४

आमच्या अपार्टमेंटच्या लॉबीत मीटर बोर्डाशेजारी लाल डबी आहे. ‘आग लागल्यास काच फोडा.’ काच फार पूर्वीच गेलीय, आतलं बटण पानाच्या पिचकारीने लाल झालेलं. सोसायटीच्या बैठकीत मी ते दाबायला सांगितलं. वॉचमन मामांनी दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पॅनेल उघडलं तर बॅटरीच्या टोकांवर हिरवी-पांढरी बुरशी. किती वर्षं ती अशी होती, कुणालाच सांगता येईना.

वायरमन बोलावला. बॅटरी बदलली, दोन वायरी नव्या ओढल्या. शिवाय पार्किंगच्या छताला आणि जिन्याच्या वरच्या टोकाला सेलवर चालणारे धुराचे अलार्म बसवले. मिक्सरपेक्षा स्वस्त पडतात. पार्किंगमधल्या गाद्या भंगारवाल्याला दिल्या, त्यावरून दोन घरांत बोलणं बंद आहे. ते होईल सुरू.

मग पुन्हा बटण दाबलं. घंटा अशी कडाडली की समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत आले. आम्ही सगळे खूश. पाच मिनिटांनी चौथ्या मजल्यावरच्या काकू, ऐकायला जरा कमी येतं त्यांना, कठड्याला धरून एकेक पायरी खाली आल्या.

“काय ओ, वाजवणार होतासा नव्हं घंटा? कधी वाजवणार?”

दुसरी घंटा त्यांच्या दारासमोर लावायचं ठरलंय. वायरमन गुरुवारी येणार आहे.