वाडीचा उत्सव, लाहोरची शाळा आणि पुण्याचा स्टुडिओ

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडी, आणि पंचगंगा ओलांडली की कुरुंदवाड. दत्तजयंतीला कुरुंदवाडची माणसं वाडीला येणार हे ठरलेलंच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशाच एका उत्सवात दारूकाम चालू असताना एका मुलाच्या चेहऱ्याजवळ फटाका फुटला आणि त्याची दृष्टी अधू झाली. मुलगा कुरुंदवाडच्या कीर्तनकारांचा, नाव विष्णू दिगंबर पलुस्कर, जन्म 18 ऑगस्ट 1872चा. शाळा सुटली. डोळ्यांवर उपचार मिरजेत झाले आणि तिथेच तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकू लागला. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली ती याच बुवांनी.

आज पडद्यावर गवई-वादक स्टुडिओत बसून गातात-वाजवतात आणि घराघरांत ते ऐकलं जातं, त्याचा इतिहास सांगताना लोक ‘कोक स्टुडिओ’पासून सुरुवात करतात. 2007मध्ये ब्राझीलमध्ये उगम, 2008मध्ये पाकिस्तानात रोहेल हयात यांच्या हाताखाली त्याला आलेलं रूप, 2011मध्ये लेस्ली लुईस यांच्यासह एमटीव्हीवरची भारतीय आवृत्ती, हे सगळं खरं. पण गाणं नेमकं कोणासाठी, हा त्यामागचा प्रश्न फार जुना आहे. आपल्याकडे तो फार धाडसाने सोडवला वाडीत दृष्टी अधू झालेल्या या माणसाने.

1896मध्ये पलुस्करांनी मिरज सोडली. मिरजेच्या एका समारंभाला त्यांना बोलावणं आलं. गुरूंना मात्र नाही, आणि ते पलुस्करांना सोसवलं नाही, असं सांगितलं जातं. पुढे बडोदा, काठेवाड, ग्वाल्हेर करत ते पंजाबकडे गेले. गवयाचं पोट दरबारावर चालायचं तो काळ. पलुस्करांनी सौराष्ट्रात तिकीट लावून जलसा केला. पैसे मोजणारा कोणीही समोर बसू शकत होता, ही त्या वेळी मोठीच गोष्ट होती. 5 मे 1901 रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही राजाश्रयाशिवाय, लोकांच्या देणग्यांवर आणि जलशांच्या कमाईवर. 1908मध्ये संस्था मुंबईत आली. कर्जापायी मुंबईची इमारत हातची गेली आणि 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत त्यांचं निधन झालं. शिष्य मात्र देशभर पसरले होते: विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर.

त्या शिष्यपरिवारातले वामनराव पाध्ये कोल्हापुरात शिकवत. त्यांच्याकडे शिकलेला एक विद्यार्थी म्हणजे 1919मध्ये कोल्हापुरातच जन्मलेले संगीतकार सुधीर फडके.

पुणे आकाशवाणी केंद्र 1953मध्ये सुरू झालं. केंद्रावर सीताकांत लाड होते. वर्षभर चालेल अशी एक संगीतमालिका असावी ही कल्पना त्यांची. कवी ग. दि. माडगूळकरांनी लिहायचं, फडक्यांनी चाली बांधायच्या. 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीच्या शुक्रवारी, ‘गीतरामायण’ सुरू झालं. दर शुक्रवारी सकाळी नवं गीत, शनिवारी-रविवारी त्याचीच पुनरावृत्ती. 1956च्या एप्रिलपर्यंत 56 गीतं झाली. मालिकेच्या त्या वर्षात अधिक मास आला, म्हणून 52 आठवड्यांचा हिशेब लांबला.

पडद्यावर पुढे आलेल्या स्टुडिओ-मालिकांचा मराठी पूर्वज शोधायचा तर तो हाच. एकच संगीतकार, एकच स्टुडिओ, आणि गळे निरनिराळे. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके, मालती पांडे, राम फाटक या सगळ्यांचा आवाज या मालिकेत आहे. कामाची गती आजच्या निर्मात्यांना घाबरवील अशी. गीत कधी कधी अगदी ऐनवेळी हाती यायचं. मग चाल, वाद्यमेळ, तालीम, सगळं घाईत. तरीही चाली रागांना धरून आहेत, शब्द कुठे दबत नाही. पाध्यांनी घडवलेला सूर इथे कामी आला, असं मला ठामपणे वाटतं.

श्रोत्यांनी तर प्रसारणाच्या वेळी रेडिओला हार घातले, उदबत्त्या लावल्या. स्टुडिओत बंद दाराआड गाणाऱ्याला हे दिसत नव्हतं. समोर श्रोता नसताना गाणं म्हणजे दाद नाही, मान डोलावणं नाही. सुरावर विश्वास ठेवून पुढे जायचं. मैफलीत वाढलेल्या कलावंताला हे जड जातं, आणि आकाशवाणीने एका अख्ख्या पिढीला ते शिकवलं.

2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि गाणाऱ्याचा चेहराही घरात आला. अरुण काकतकरांचा ‘शब्दांच्या पलीकडले’ हा कार्यक्रम याच केंद्रावरचा. त्यात कविता आणि संगीत दोन्हींना सारखंच वजन होतं. जागा कमी, कॅमेरे अवजड, पण गाणं ऐकू द्यायचं याचं भान होतं.

पाकिस्तानी ‘कोक स्टुडिओ’ने पहिल्या पर्वानंतर प्रेक्षक काढून टाकले आणि वादक स्टुडिओत एकमेकांसमोर बसवले. याने एक मोठं काम झालं: तबला, ढोलक, बासरी, गिटार वाजवणारी माणसं गायकाइतकीच दिसू लागली, त्यांची नावं पडद्यावर आली. रेडिओच्या काळात तसं नव्हतं. प्रभाकर जोगांच्या व्हायोलिनची साथ हा ‘गीतरामायणा’च्या कार्यक्रमांचा अविभाज्य भाग. रेडिओपुढे हात जोडून बसलेल्या घरांना मात्र व्हायोलिन कोण वाजवतं हे कळायला फडक्यांचे रंगमंचावरचे प्रयोग येईपर्यंत थांबावं लागलं.