नळदुर्गचा बुरूज आणि स्कॉटलंडचे मनोरे

स्कॉटलंडला गेलेले नातेवाईक हल्ली फोटो पाठवतात. हिरवी टेकडी, तिच्यावर एकच उंच, चौकोनी, दगडी इमारत, छोट्या छोट्या खिडक्या. खाली लिहिलेलं असतं, "किल्ला पाहिला". मंडळी, तो आपल्या अर्थाने किल्ला नव्हे. ते घर आहे, एका जमीनदाराचं मजबूत घर. आपल्याकडे जिला गढी म्हणतात, तिची ही चुलत बहीणच म्हणा ना!

स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या सीमेवर शेकडो वर्षं गुरं पळवणाऱ्या टोळ्यांचा धुमाकूळ होता. १५३५ मध्ये तिथल्या संसदेने कायदाच केला की सीमाभागातल्या मोठ्या जमीनदारांनी माणसं आणि गुरं आत घेता येतील असा दगडी कोट बांधावा. त्या कोटात मालकाचा मनोरा. सर्वात खाली कोठार, वर दिवाणखाना, त्याच्या वर झोपायच्या खोल्या, आणि सगळ्यांना जोडणारा एक अरुंद गोल जिना. घर आडवं पसरायचं नाही, उभं वाढवायचं. कारण एकच, दार जितकी कमी तितकी भीती कमी.

आमच्या ढोकीच्या आसपास, म्हणजे सगळ्या मराठवाड्यातच, पाटील-देशमुखांच्या गढ्या याच भीतीतून उभ्या राहिल्या. पण आपल्या जिल्ह्यात या विषयावर बोलायचं तर नळदुर्गला जायलाच हवं. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचा हा भुईकोट. मूळ किल्ला कल्याणीच्या चालुक्यांच्या काळापासूनचा मानतात आणि गावकरी तो नळ-दमयंतीपर्यंत नेतात. बहमनी गेले, आदिलशाही आली. आज दिसणारी भक्कम तटबंदी पहिल्या अली आदिलशहाच्या वेळची, सोळाव्या शतकाच्या मध्यातली. तटाला शंभरावर बुरूज आहेत. त्यात नऊ पाकळ्यांचा नवबुरूज तर बघत राहावा असा.

पण आपला मनोरा म्हणजे उपळ्या बुरूज. (काही जण उपली म्हणतात.) तो तटात नाही, किल्ल्याच्या आत सुटा उभा आहे. सरळ पायऱ्यांनी वर गेलं की दोन लांबलचक तोफा दिसतात, हत्ती तोफ आणि मगर तोफ. तिथून चारी बाजूंचा सपाट मुलूख असा दिसतो की कुणी घोडा उधळत आला तर धूळ आधी दिसावी. स्कॉटिश सरदार मनोऱ्यात राहायचा. इथे बुरुजावर राहायची ती फक्त नजर. एवढाच काय तो फरक.

आणि पाणीमहाल! दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने १६१३ मध्ये बोरी नदीवर बंधारा घालून किल्ला शेजारच्या रणमंडळाला जोडला. तिथल्या शिलालेखात मीर मुहम्मद इमादीन हे बांधणाऱ्याचं नाव आहे. बंधाऱ्याच्या पोटात खोल्या आहेत. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं. आपण आत खिडकीशी उभे, समोर पाण्याचा पडदा. शत्रूला अडवणारं पाणीच राजाच्या करमणुकीला लावलं. ही रसिकता मात्र स्कॉटलंडच्या त्या कोंदट मनोऱ्यांत नाही सापडायची.

१८५३ च्या तहाने हा जिल्हा काही वर्षं इंग्रजांकडे गेला आणि मेडोज टेलर इथे अधिकारी म्हणून आला. तो किल्ल्यातच राहायचा. १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'तारा' कादंबरीची नायिका तुळजापूरची आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? १८६० मध्ये जिल्हा परत निजामाकडे गेला, पुढे मुख्य ठाणं धाराशिवला हललं आणि नळदुर्ग मागे पडला.

आता जीर्णोद्धाराचं. स्कॉटलंडच्या बारा बेटाजवळ समुद्रात किसिमल नावाचा किल्ला आहे. तो ओस पडल्यावर लोकांनी त्याचे दगड होड्यांना वजन म्हणून नेले. १९३७ मध्ये मॅकनील घराण्याच्या एका वंशजाने, जो अमेरिकेत वास्तुरचनाकार होता, तो विकत घेतला आणि १९७० पर्यंत पुन्हा उभा केला. २००१ मध्ये तो सरकारी वारसा संस्थेला हजार वर्षांच्या भाड्याने दिला. भाडं किती? वर्षाला एक पौंड आणि व्हिस्कीची एक बाटली! नळदुर्गचं संगोपनही २०१४ च्या सुमारास शासनाने योजनेतून सोलापूरच्या एका खाजगी कंपनीकडे दिलं. झाडोरा निघाला, वाटा झाल्या, बाग आली, माणसं येऊ लागली. आदिलशाही किल्ल्यात हिरवळ आणि नौका कशाला, असं विचारणारे आहेत. मला त्यांचं पटतं. पण काटेरी झुडपांनी भिंती फोडलेल्या बघण्यापेक्षा हिरवळ परवडली, हेही पटतं.

गढ्यांना मात्र कुणी मॅकनील भेटला नाही. त्यांची पांढरी माती माळवदावर टाकायला आणि शेतात नेली गेली. त्यात ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. भूकंपात आपल्या दोन जिल्ह्यांत हजारो माणसं गेली, ती बहुतेक स्वतःच्याच घराच्या दगड-मातीखाली. तेव्हापासून इथे जाड दगडी भिंत म्हणजे आसरा नाही, धोका वाटतो. लोकांनी वाडे पाडले, पत्रे टाकले. त्यांना नावं कोण ठेवणार? पण दोष दगडाचा नव्हता. मातीत रचलेल्या दोन पदरी भिंती, त्यांना आरपार सांधणारे दगड नाहीत आणि डोक्यावर मातीचं ओझं, असं ते गणित होतं. चुन्यात बसवलेल्या घडीव दगडाची गोष्ट वेगळी.

म्हणून वाटतं, ज्यांच्या गावात अजून गढीचा एखादा बुरूज शिल्लक असेल त्यांनी निदान त्याचे फोटो काढावेत, मापं घ्यावीत, म्हाताऱ्या माणसांना विचारून कुठे काय होतं ते लिहून ठेवावं. पाडायचाच असेल तर पाडा, पण निदान वहीत तरी उरू द्या. आणि पावसाळ्यात नळदुर्गला जरूर जा. नर-मादी वाहत असतील तर नशीबच म्हणायचं.