विद्युत मायटर करवतीची जडणघडण : गती आणि स्थैर्य यांच्या संबंधाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
यंत्रांच्या इतिहासलेखनात शोधाला जेवढे महत्त्व दिले जाते तेवढे सुधारणेला दिले जात नाही. शोधाला एक नाव असते, एक वर्ष असते आणि बहुधा एक पेटंटही असते. सुधारणा मात्र अनेक हातांनी, अनेक वर्षे आणि बहुतेक वेळा नाव न ठेवता होत असते. प्रत्यक्षात एखादे यंत्र कारागिराच्या विश्वासास पात्र ठरते ते शोधामुळे कमी आणि या निनावी सुधारणांमुळे अधिक. हे विधान तपासून पाहण्यासाठी प्रस्तुत निबंधात विद्युत मायटर करवतीचा विचार केला आहे.

दोन लाकडी पट्ट्या प्रत्येकी ४५ अंशांत कापून काटकोनात जोडल्या म्हणजे जो सांधा तयार होतो त्यास मायटर सांधा म्हणतात. तसबिरीची चौकट, दाराभोवतीची पट्टी, छताच्या कडेची नक्षीपट्टी ही या सांध्याची परिचित उदाहरणे होत. असा तिरपा छेद अचूक घेणारे विजेवरील यंत्र म्हणजे मायटर करवत. महाराष्ट्रातील शहरांत ॲल्युमिनियमच्या खिडक्या तयार करणाऱ्या दुकानांतही याच जातीचे यंत्र वापरात दिसते. मात्र त्याची जडणघडण प्रामुख्याने इंग्लंड, अमेरिका, जपान व जर्मनी या देशांत झाली.

उद्दिष्टे :
१) मायटर करवतीच्या रचनेतील प्रमुख टप्प्यांचा आढावा घेणे.
२) यंत्राला मिळालेली प्रत्येक नवी हालचाल आणि त्याचे स्थैर्य यांतील संबंध स्पष्ट करणे.
३) स्थैर्य, अचूकता व कामगाराची सुरक्षितता यांचा परस्परसंबंध मांडणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून आवश्यक तेथे साध्या गणिताचा आधार घेतला आहे.

विषयविवेचन :

१. कोनाची अचूकता आणि करवतपेटी
मायटर सांध्याची अडचण अशी की त्यातील चूक लपत नाही, उलट ती साठत जाते. चार बाजूंच्या चौकटीत चार सांधे आणि आठ छेद असतात. प्रत्येक छेदात केवळ पाव अंशाची एकाच दिशेची चूक झाली तरी शेवटच्या सांध्यापाशी ती २ अंश होते. पट्टीची रुंदी ९० मिमी असेल तर तिरप्या छेदाची लांबी सुमारे १२७ मिमी भरते आणि २ अंशांच्या चुकीमुळे सांध्याच्या एका टोकाला सुमारे ४.४ मिमी फट पडते. डोळ्याला न दिसणारी चूक शेवटी दहा पावलांवरून दिसते ती अशी.

यावर सुतारांनी काढलेला जुना उपाय म्हणजे करवतपेटी. दोन उभ्या बाजू असलेल्या लाकडी पन्हाळीला ४५ व ९० अंशांच्या खाचा पाडलेल्या असत आणि हातकरवत त्या खाचांतून चालवली जाई. परंतु करवतीच्या घर्षणाने खाचा रुंदावत आणि पेटीची अचूकता हळूहळू नाहीशी होई. अमेरिकेत १८६४ मध्ये लिअँडर लँगडन यांनी धातूच्या करवतपेटीचे पेटंट घेतले. या प्रकारच्या पेट्यांत करवत धातूच्या मार्गदर्शकांतून सरकत असे आणि इच्छित कोनावर बसवून पक्की करता येत असे. येथे एक महत्त्वाचा बदल झाला. अचूकतेची जबाबदारी कारागिराच्या मनगटाकडून यंत्राच्या सांगाड्याकडे सरकू लागली. पुढील शंभर वर्षांत हाच प्रवाह बळावत गेला.

२. वर्तुळाकार पाते आणि लोखंडी सांगाडा
वर्तुळाकार पात्याच्या शोधाचे श्रेय कोणा एकास देणे कठीण आहे. साउथॅम्प्टन येथील सॅम्युएल मिलर यांना १७७७ मध्ये मिळालेल्या इंग्लिश पेटंटात अशा पात्याचा उल्लेख येतो. अमेरिकेतील शेकर पंथीय टॅबिथा बॅबिट यांनी १८१३ च्या सुमारास असे पाते तयार केले अशीही परंपरा सांगितली जाते, पण ती वादग्रस्त आहे. शिवाय त्यापूर्वीच असे पाते इंग्लंडमध्ये वापरात होते. शोधाच्या मालकीवरील हा वाद रंजक असला तरी पाते फिरवणे एवढ्याने प्रश्न सुटत नव्हता. ते डगमगू न देता फिरवणे आवश्यक होते.

या दृष्टीने पोर्ट्समथ येथील कप्पी कारखान्याचे उदाहरण उद्बोधक आहे. ब्रिटिश नौदलाला जहाजांच्या दोरखंडांसाठी मोठ्या संख्येने लाकडी कप्प्या लागत. सॅम्युएल बेंथम यांच्या पुढाकाराने, मार्क ब्रुनेल यांच्या आराखड्यानुसार व हेन्री मॉडस्ले यांच्या कारागिरीने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे यंत्रसंच उभा राहिला. त्यात वर्तुळाकार करवतींचाही समावेश होता. १८०८ मध्ये तेथे १,३०,००० कप्प्या तयार झाल्या. पूर्वी ११० कुशल कारागीर करीत ते काम १० माणसे करू लागली, असे सांगितले जाते. या यशात कल्पनेइतकाच वाटा मॉडस्ले यांनी घडविलेल्या धातूच्या सांगाड्यांचा होता. लाकडी सांगाडा हवेतील ओलाव्याने फुगतो, आकसतो आणि कंपनाने सैल होतो; बिडाचा सांगाडा आपल्या वजनाने व दृढतेने कंपन जिरवतो. स्थैर्य हा यंत्राचा स्वतंत्र गुण आहे आणि तो जाणीवपूर्वक घडवावा लागतो, हे येथे स्पष्ट झाले.

३. रेडियल आर्म करवत : स्वातंत्र्य आणि त्याची किंमत
विजेच्या मोटरीमुळे पाते पट्ट्यांच्या व दंडांच्या जाळ्यातून मुक्त झाले. अमेरिकेतील रेमंड डीवॉल्ट यांनी १९२२ च्या सुमारास तयार केलेली रेडियल आर्म करवत हा या मुक्ततेचा पहिला मोठा आविष्कार होय. मेजाच्या मागे एक खांब, खांबातून पुढे आलेला आडवा बाहू आणि त्या बाहूखाली सरकणारी मोटर व पाते अशी तिची रचना होती. बाहू डावी-उजवीकडे फिरे, मोटर कलती होई आणि आपल्या आसाभोवती वळेही. एकाच यंत्रावर आडवा, तिरपा, कलता व उभा असे सर्व छेद घेता येत.

परंतु हालचालीचे प्रत्येक ठिकाण हे ढिलाईचेही ठिकाण ठरले. खांब, बाहू, गाडी व मोटरीची बैठक या चारही जागी किंचित सैलपणा राहिला की त्यांची बेरीज पात्याच्या टोकाशी दिसे. त्यातच बाहू हा एका टोकाला पक्का आणि दुसऱ्या टोकाला मोकळा असलेल्या तुळईसारखा असल्याने पाते पुढे येई तसा तो अधिक वाके. बहुगुणी यंत्र पुन्हा पुन्हा जुळवून घ्यावे लागे. याशिवाय पात्याचे दाते लाकूड मागील आधारपट्टीकडे रेटत असल्याने पात्यात स्वतःहून कारागिराकडे धावण्याची प्रवृत्ती असे. हात मागे खेचत असताना यंत्र त्याहून वेगाने पुढे येणे ही केवळ गैरसोय नव्हती. तो धोका होता.

४. १९६४ चा बदल : कमी हालचाल, अधिक भरवसा
विद्युत मायटर करवतीचे श्रेय सामान्यतः रॉकवेल मॅन्युफॅक्चरिंग कंपनीतील अभियंता एड नीहाउस यांना दिले जाते व तिचे वर्ष १९६४ मानले जाते. कंपनीने या रचनेचे पेटंट घेतले नाही असेही सांगितले जाते. पुढे अनेक उत्पादकांनी हीच मूळ रचना स्वीकारली.

या यंत्राचे वैशिष्ट्य त्याने काय सोडले यात आहे. बाहूवर सरकणे त्याने सोडले. मोटर वळवणेही सोडले. मेजाच्या मागील बाजूस एक बिजागरीसारखी जोडणी ठेवली आणि पाते त्या जोडणीभोवती कमानीत खाली येऊ लागले. कोन बदलण्यासाठी मेजातील फिरती तबकडी व पाते ही दोन्ही एकत्र फिरत. लाकूड स्थिर राही. पात्यावर येणारा जोर मेजापर्यंत पोहोचण्याचा मार्ग आखूड झाल्याने ढिलाईच्या जागाही कमी झाल्या. नेहमीच्या कोनांसाठी तबकडीला खाचा दिल्यामुळे ४५ अंश शोधावा लागत नसे. खटका खाचेत बसला की तो मिळे. एका अर्थाने ही जुनी करवतपेटीच होती. फक्त खाचा लाकडातून ओतीव धातूत गेल्या होत्या.

या शिस्तीची मर्यादाही होती. कापता येणारी रुंदी पात्याच्या व्यासावर अवलंबून राहिली. २५४ मिमी व्यासाच्या पात्याने काटकोनात सुमारे १४० मिमी रुंदीची फळी कापता येई. त्याहून रुंद फळीसाठी दुसरा मार्ग शोधणे भाग होते.

५. सरकती मायटर करवत आणि दृढतेचा प्रश्न
१९८० च्या दशकात जपानी उत्पादकांनी पाते दांड्यांवर पुढे-मागे सरकवण्याची सोय असलेली करवत बाजारात रुजवली. पाते कलते करण्याची सोयही तीत असल्याने दोन कोन एकाच छेदात घेता येत. तेवढ्याच पात्याने सुमारे ३०० मिमी रुंदीपर्यंत कापता येऊ लागले. परंतु सोडून दिलेली हालचाल परत आली तशी तिच्याबरोबरची अडचणही परत आली.

बाहेर आलेल्या दांडीचे वाकणे तिच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दांडी १५० मिमीऐवजी ३०० मिमी बाहेर आली तर तेवढ्याच भाराखाली तिचे टोक दुप्पट नव्हे, तर आठपट झुकते. यापुढील सुधारणांचा इतिहास हा या आठपटीशी दिलेल्या झुंजीचा इतिहास आहे. दांडीचा व्यास वाढवणे, एकीऐवजी दोन दांड्या घेणे, त्यांतील अंतर वाढवून पिळाला विरोध करणे, सरकत्या भागाला लांब अंतरावर बसवलेल्या बेअरिंगांचा आधार देणे असे उपाय योजले गेले. काही रचनांत दांड्या स्थिर ठेवून फक्त पात्याचा भाग त्यांवर सरकेल अशी व्यवस्था केली गेली. फेस्टूल या जर्मन उत्पादकाची कापेक्स करवत हे तिचे उदाहरण होय. त्यामुळे यंत्राच्या मागे दांड्यांसाठी जागा सोडावी लागत नाही. २०१० मध्ये बॉश कंपनीने दांड्याच काढून टाकल्या आणि कोपरासारखे दुमडणारे रुंद, सांध्यांचे बाहू वापरले. बाजूच्या दिशेने रुंद असलेली बिजागरी सहज पिळत नाही, हे दाराच्या बिजागरीचे जुने तत्त्व येथे कामी आले.

दुसरा ताण वजनाचा होता. बिडाचा सांगाडा स्थिर असतो, पण तो जिन्यावरून वर नेता येत नाही. बांधकामाच्या जागी नेण्याजोगे यंत्र हवे म्हणून ॲल्युमिनियम व मॅग्नेशियमचे ओतीव भाग आले. वजनाने जे स्थैर्य आपोआप मिळत होते ते आता आतील बाजूच्या कण्यांनी, रुंद पायांनी आणि पक्क्या घोडीने मिळवावे लागले.

६. पात्याचे स्थैर्य
सांगाडा कितीही दृढ असला तरी शेवटी लाकडाला भिडते ते पातळ पाते. २५४ मिमीचे पाते मिनिटाला ५,००० फेरे घेते तेव्हा त्याच्या दात्यांचा वेग सेकंदाला सुमारे ६६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २४० किमी असतो. घर्षणाने पात्याची कड तापते, प्रसरण पावते आणि मध्यभाग थंड असल्याने पाते लहरू लागते. जुने कारागीर यावर पात्याचा मध्यभाग हातोडीने मोजून ठोकत. त्यामुळे तो किंचित सैल होई आणि वेगात असताना कड ताणली जाऊन पाते सपाट धावे. या कामात ठोक्याचा अंदाज कानाने व बोटाने घेतला जाई. पुढे कडेला प्रसरणासाठी बारीक फटी पाडण्याचा उपायही रूढ झाला. टंगस्टन कार्बाइडच्या दात्यांमुळे धार दीर्घकाळ टिकू लागली, तर दात्यांचा पुढे झुकणारा कोन कमी किंवा उणे ठेवल्याने पात्याची लाकडात धावण्याची प्रवृत्ती आटोक्यात आली. मोटर हळूहळू वेग घेईल अशी इलेक्ट्रॉनिक योजना आल्याने चालू करतानाचा हिसकाही कमी झाला.

७. स्थैर्य आणि कारागिराचा हात
स्थैर्याची चर्चा केवळ सांध्यातील फटीपुरती नाही. डगमगणारे पाते लाकडात अडकते, अडकलेले पाते उसळते आणि उसळलेल्या यंत्राजवळ माणसाचा हात असतो. अमेरिकेत २००० मध्ये एमर्सन कंपनीने, १९५८ ते १९९२ या काळात विकल्या गेलेल्या सुमारे ३७ लाख रेडियल आर्म करवतींसाठी सुरक्षाविषयक परत-मागणी जाहीर केली. या यंत्रांना पाते पूर्ण झाकणारे आच्छादन नव्हते. जी उणीव आराखड्याच्या कागदावर किरकोळ वाटते ती कारखान्यांत आणि घरांत किती दूर पसरते, हे या आकड्यावरून लक्षात येते.

मायटर करवतीत पाते वर जाताच आपोआप खाली येणारे आच्छादन, कळ सोडताच पाते थांबवणारा विद्युत रोधक व लाकूड घट्ट धरणारी पकड यांनी हा धोका कमी केला. सरकत्या करवतीची कामाची रीतही उलटी ठरली. पाते प्रथम पुढे ओढायचे, खाली आणायचे आणि मग मागे ढकलत कापायचे. यामुळे पाते कारागिराकडे धावत नाही. रेडियल आर्म करवतीचा मूळ दोष येथे यंत्रात भर घालून नव्हे, तर हालचालीची दिशा बदलून दूर झाला.

निष्कर्ष :
१) विद्युत मायटर करवतीचा विकास सरळ रेषेत झालेला नाही. रेडियल आर्म करवतीने हालचाली वाढवल्या, १९६४ च्या रचनेने त्या कमी केल्या आणि सरकत्या करवतीने त्यांतील एक पुन्हा स्वीकारली.
२) प्रत्येक नव्या हालचालीची किंमत दृढतेने मोजावी लागली. ती किंमत कमी करण्याचे प्रयत्न हाच या यंत्राचा खरा इतिहास आहे.
३) कौशल्य नाहीसे झाले नाही, त्याचे स्थान बदलले. सुताराच्या मनगटातील अचूकता ओतकाम करणाऱ्या, बेअरिंग बसवणाऱ्या व पाते ताणणाऱ्या अनेक कारागिरांत विभागली गेली.
४) अचूकता व सुरक्षितता या दोन वेगळ्या मागण्या नसून स्थैर्य हे दोहोंचे समान मूळ आहे.

शोधकांच्या नामावळीत दांडीची जाडी किंवा बेअरिंगांमधील अंतर ठरवणाऱ्यांना जागा मिळत नाही. मात्र बिनफटीची चौकट आणि शाबूत राहिलेली बोटे या दोन्ही गोष्टी त्यांच्याच कामाची साक्ष देतात. तंत्रज्ञानाच्या इतिहासाच्या अध्यापनात या निनावी परंपरेला स्थान मिळणे आवश्यक आहे.