'कॉन्ट्रा' नेमका कोणत्या चित्रपटावरचा? एका खेळाचा, दिल्लीच्या बाजाराचा आणि एका चिपचा इतिहास

1990 च्या दशकात दिल्लीच्या पालिका बाजारातून किंवा लाल किल्ल्यासमोरच्या लजपतराय मार्केटमधून ज्यांनी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घरी आणला, त्यांना 'कॉन्ट्रा'ची ओळख करून द्यावी लागत नाही. प्लास्टिकच्या डबीला सगळे 'कॅसेट' म्हणत. आत फीत नसे, एक चिप असे. एका कॅसेटीत अनेक खेळ भरलेले असत आणि त्यांत 'कॉन्ट्रा' बहुधा असेच. दोन सैनिक, जंगल, गोळ्यांचा वर्षाव आणि शेवटी परग्रहावरच्या राक्षसाचे धडधडते हृदय. वेष्टनावरचे चित्र पाहून हा अर्नोल्ड श्वार्झनेगरच्या 'प्रिडेटर'वरचा खेळ आहे, असे मुले एकमेकांना खात्रीने सांगत.

ही खात्री कालक्रमाच्या कसोटीवर टिकत नाही. जपानच्या कोनामी कंपनीने 'कॉन्ट्रा' हा नाणे टाकून खेळायचा खेळ फेब्रुवारी 1987 मध्ये आणला. 'प्रिडेटर' अमेरिकेत झळकला तो जून 1987 मध्ये. खेळ आधीचा, चित्रपट नंतरचा. मग सैनिकाची ती परिचित मुद्रा कुठून आली? ब्रिटिश चित्रकार बॉब वेकलिन यांनी घरगुती आवृत्तीच्या जाहिरातीसाठी चित्र काढले, तेव्हा 'प्रिडेटर'मधील छायाचित्रे उपलब्ध झाली होती आणि श्वार्झनेगरची मुद्रा त्यांनी तेथूनच घेतली. वेष्टन 'प्रिडेटर'चे आहे, खेळ मात्र नाही.

खेळाचे खरे कूळ थोडे मागे सापडते. 1985 चे 'रॅम्बो: फर्स्ट ब्लड पार्ट टू' आणि 'कमांडो', तसेच 1986 चा जेम्स कॅमेरून यांचा 'एलियन्स' यांची छाप त्याच्यावर स्पष्ट दिसते. पहिल्या टप्प्यांतील उघड्या छातीचा, कपाळाला पट्टी बांधलेला सैनिक 'रॅम्बो'चा वारस आहे. अखेरच्या टप्प्यातील अंडी, भिंतींवरचे मांसल धागे आणि अंगावर झेपावणारे जीव 'एलियन्स'च्या दुनियेतले आहेत. बिल रायझर आणि लान्स बीन ही नायकांची नावेसुद्धा 'एलियन्स'मधील बिल पॅक्स्टन, पॉल रायझर, लान्स हेन्रिक्सन आणि मायकेल बीन या नटांच्या नावांच्या तुकड्यांतून जुळवली गेली असे मानले जाते. कोनामीने कोणत्याही चित्रपटाचा परवाना घेतला नव्हता, तरी त्या काळच्या मारधाडपटांचे सार या खेळात उतरले.

आता आश्चर्याचा भाग. परवाना घेऊन केलेले चित्रपटाधारित खेळ तेव्हा बहुधा सुमार निघत. 1982 मध्ये 'ई. टी.' चित्रपटावरचा खेळ अटारी कंपनीच्या हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना सुमारे पाच आठवड्यांत पूर्ण करावा लागला, कारण नाताळची विक्री गाठायची होती. न विकल्या गेलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरल्या गेल्या आणि 2014 मध्ये उकरून काढल्या गेल्या. अपवादही होते. सनसॉफ्टने 1989 च्या 'बॅटमॅन' चित्रपटावर केलेला खेळ आजही वाखाणला जातो. पण चित्रपटाच्या तारखेला बांधलेला खेळ घाईत मरतो, हा सर्वसाधारण अनुभव होता. 'कॉन्ट्रा'ला अशी तारीख नव्हती. मूळ खेळ आल्यानंतर एक वर्षाने, फेब्रुवारी 1988 मध्ये, निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी त्याची घरगुती आवृत्ती आली. दुबळ्या यंत्रावरची ही आवृत्ती मूळ खेळापेक्षा सरस ठरली, असे अनेक जाणकारांचे मत आहे.

हे यंत्र किती दुबळे होते, ते आकड्यांत पाहू. प्रोसेसरचा वेग 1.79 मेगाहर्ट्झ. कामासाठी स्मृती अवघी 2 किलोबाइट. पडद्यावर सेकंदाला 60 चित्रे उमटत, म्हणजे एका चित्रासाठी प्रोसेसरला सुमारे 29,780 चक्रे मिळत. एका आज्ञेला 2 ते 7 चक्रे लागतात असे धरले, तर काही हजार आज्ञांत दोन खेळाडू, डझनभर शत्रू, सगळ्या गोळ्या, त्यांच्या टकरी आणि संगीत एवढे सारे उरकायचे होते. हलत्या आकृत्यांसाठी 64 छोटे तुकडे मिळत आणि पडद्याच्या एका आडव्या रेषेवर त्यांतले आठच दिसू शकत. नववा आला की तो गायब. म्हणून तुकड्यांचा क्रम दर चित्राला फिरवत ठेवत. एकदा एक दिसेनासा होई, पुढच्या वेळी दुसरा. गर्दीच्या प्रसंगी आकृत्या लुकलुकत, त्याचे कारण हे होते. टीव्ही बिघडला म्हणून ज्यांनी त्याच्या डोक्यावर थापट मारली, त्यांनी निरपराधाला शिक्षा दिली.

कोनामीच्या अभियंत्यांनी ही चौकट ओळखून खेळाची फेरमांडणी केली. टप्पे वाढवले, धबधब्याचा टप्पा उभ्या दिशेने सरकता ठेवला. तेथे एक खेळाडू भराभर वर चढला, तर मागे राहिलेला पडद्याच्या खालच्या कडेला सापडून मरे. दोन भावंडांनी एकत्र खेळायचे असेल, तर एकमेकांसाठी थांबणे भाग होते. उडी हवेतही वळवता येई, गोळी आठ दिशांना मारता येई आणि खेळाडू मेला तर चूक आपलीच होती, हे त्याला लगेच कळे. चित्रपटाची कथा सांगण्याच्या फंदात हा खेळ पडला नाही. त्याने चित्रपटातला ताण घेतला आणि तो बोटांत उतरवला.

हा खेळ दिल्लीपर्यंत कसा आला? तैवानच्या युनायटेड मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनसारख्या कंपन्यांनी फॅमिकॉमशी सुसंगत चिप बनवल्या आणि त्यांवर आधारलेली स्वस्त यंत्रे आशिया व पूर्व युरोपभर पसरली. दिल्लीच्या मीडिया व्हिडिओ लिमिटेडची 'लिटल मास्टर' आणि 'विझ किड' ही त्याच कुळातली यंत्रे अनेकांच्या स्मरणात आहेत. अनेक खेळ एकत्र भरलेल्या बाजारी कॅसेटी बहुतांशी विनापरवाना होत्या. भारताच्या कॉपीराइट कायद्यात 1984 च्या दुरुस्तीने संगणक प्रणालीचा समावेश साहित्यकृतींत झाला होता, पण बाजाराच्या गल्लीत तो कायदा क्वचितच पोहोचला. मूळ निर्मात्यांना त्या विक्रीतून काही मिळाले नाही, हेही नोंदवले पाहिजे.

या प्रवासात खेळ बदलला, तोही भौतिकशास्त्राच्या नियमाने. भारताची दूरदर्शन पद्धती 'पाल', सेकंदाला 50 क्षेत्रांची. या आकड्याचे मूळ 50 हर्ट्झच्या वीजपुरवठ्यात आहे. जपान आणि अमेरिकेत तो आकडा सुमारे 60 होता. पालसाठी बनवलेल्या सुसंगत चिप सेकंदाला 50 चित्रे काढत, आणि 'कॉन्ट्रा'चे सगळे गणित चित्रागणिक चाले. परिणामी सैनिक, गोळ्या आणि संगीत सारे एक षष्ठांशाने मंद झाले. जपानमध्ये पाच मिनिटांत संपणारा टप्पा दिल्लीत सहा मिनिटे चाले. आपल्या लहानपणचा 'कॉन्ट्रा' जगातल्या मूळ 'कॉन्ट्रा'हून थोडा सोपा होता आणि त्याचे संगीतही संथ होते.

येथवरची गोष्ट गमतीची. पण एक गोष्ट गंभीरपणे पाहण्यासारखी आहे. फॅमिकॉमचा प्रोसेसर म्हणजे दशमान गणिताची सोय वगळलेला '6502' चा गाभा. हाच '6502' भारतातील विद्यार्थ्यांपर्यंत आधीही आला होता. 1984 मध्ये केंद्र सरकारने शालेय संगणक साक्षरतेचा 'क्लास' प्रकल्प सुरू केला. दिल्लीच्या एनसीईआरटीचा त्यात महत्त्वाचा वाटा होता. त्यासाठी निवडलेले यंत्र होते ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो आणि त्याच्या पोटात '6502' होता. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेडने त्याची भारतात जुळणी केली. प्रारंभी सुमारे 250 शाळा निवडल्या गेल्या.

एकाच कुळातली ही चिप आपल्याकडे दोन दारांनी आली. शाळेतले यंत्र सुरू केले की 'बेसिक' भाषेतील आज्ञेची वाट पाहत थांबे. पण ते थोड्या शाळांत होते आणि तेथेही बहुतेकदा कुलपात. बाजारातले यंत्र गल्लोगल्ली होते. ते सुरू केले की खेळांची यादी दिसे, लिहायला जागा नसे. उघडून पाहिले तर चिपच्या जागी काळ्या रेझिनचा थेंब, त्यावर ना नाव ना क्रमांक. फेब्रुवारी 1989 मध्ये मोहालीचा कारखाना आगीत भस्मसात झाला आणि चिपनिर्मितीचे भारतीय स्वप्न दशकानुदशके मागे पडले. त्याच सुमारास दुसऱ्यांनी बनवलेल्या चिपवर, दुसऱ्यांनी लिहिलेला खेळ खेळत एक पिढी वाढली. त्या पिढीत कौशल्य कमी नव्हते. तिला लिहिण्याजोगे यंत्र हाती मिळाले नाही.

2008 मध्ये अमेरिकेतील एमआयटीत या स्वस्त यंत्रांकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले गेले. भारतात मिळणाऱ्या सुमारे 12 डॉलरच्या टीव्ही-संगणकापासून शिक्षणाचे साधन करता येईल, ही कल्पना तेथे मांडली गेली आणि त्यातून 'प्लेपॉवर' प्रकल्प उभा राहिला. आपल्या घरातील वस्तूची शक्यता परक्यांनी आधी ओळखली.

आज देशात अर्धवाहक अभियान चालू आहे. अॅनिमेशन आणि गेमिंगसाठी मुंबईत राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली. या दोन्ही प्रयत्नांना 'कॉन्ट्रा'कडून शिकण्यासारखे आहे. उत्तम काम मोठ्या यंत्रातून आपोआप होत नाही, यंत्र नीट समजलेल्या माणसाकडून होते. आणि समजण्यासाठी यंत्र उघडे असावे लागते.

विद्यार्थी मित्रांनो, '6502' आजही शिकता येतो. त्याच्या आज्ञा 56 आहेत, 'सीसी65' हे साधन विनामूल्य आहे आणि लिहिलेला खेळ संगणकावरच चालवून पाहता येतो. पडद्यावर एक चौकोन डावीकडून उजवीकडे सरकवा. मग नऊ चौकोन एका ओळीत ठेवा आणि नवव्याचे काय होते ते पाहा. आणि कोणाच्या माळ्यावर ते जुने यंत्र असेल, तर भंगारात देण्यापूर्वी त्याची छायाचित्रे, वेष्टन आणि खरेदीची पावती जपून ठेवा. दिल्लीच्या बाजाराने लाखो घरांत पोहोचवलेल्या या संगणकाची नोंद सरकारी दफ्तरांत फारशी सापडणार नाही. ती आपल्याच घरांत शिल्लक आहे.

#विज्ञानाचा_इतिहास #संगणक #अर्धवाहक