ठिगळ होते, पण लावायचे कोणी?

११ ऑगस्ट २००३ रोजी ‘ब्लास्टर’ हा संगणक-किडा पसरू लागला आणि लाखो संगणक पुनःपुन्हा बंद पडू लागले. तो ज्या खिंडारातून शिरला, ते बुजवणारे ठिगळ (संगणकवाले त्याला पॅच म्हणतात) मायक्रोसॉफ्टने १६ जुलैलाच दिले होते. सव्वीस दिवसांत ते असंख्य यंत्रांवर पोचलेच नाही.

मोठ्या कचेरीत शेकडो संगणकांपुढे एकेक करून बसणार कोण? विंडोज २०००मध्ये यासाठी ‘ग्रुप पॉलिसी’ आली होती. नियम मध्यवर्ती सर्व्हरवर एकदाच लिहायचे. ते कोणाला पाठवावे लागत नाहीत. प्रत्येक संगणकच साधारण दर ९० मिनिटांनी विचारायला येतो, तोही शून्य ते तीस मिनिटे मुद्दाम मागेपुढे करून. मधल्या सुट्टीत सगळी शाळा एकाच नळावर गेली तर काय होते, हे शिक्षकांना सांगायला नको! ठिगळे कुठून घ्यायची, किती वाजता लावायची, हेही २००२पासून याच नियमांत लिहिता येऊ लागले. घरगुती संगणकांना मात्र असा कारभारी नव्हता.

ब्लास्टरचा रोखही ठिगळे देणाऱ्या पत्त्यावरच होता. १६ ऑगस्टला त्यावर मागण्यांचा भडिमार व्हायचा होता. मायक्रोसॉफ्टने त्याआधी तो पत्ताच काढून टाकला.