धावत्या प्रोग्रॅमला प्रकार कळला तेव्हा

2004 साली जावा 5 मध्ये जेनेरिक्स (अनेक डेटा-प्रकारांसाठी एकदाच लिहिलेला कोड) आले खरे, पण कंपायलर प्रकारांची माहिती पुसून टाकी. चालत्या प्रोग्रॅमला नुसती लिस्ट दिसे. ती स्ट्रिंगची की इंटिजरची, हे कळत नसे.

केंब्रिजच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या डॉन साइम आणि अँड्र्यू केनेडी यांनी अधिक कष्टाची वाट धरली: प्रकार रनटाइमलाच ठाऊक हवेत. मायक्रोसॉफ्टच्या 2005 च्या डॉटनेट 2.0 प्लॅटफॉर्ममध्ये ते साधलं.

त्यामुळे प्रकार ऐन वेळी कळला तरी जेनेरिक मेथड चालवता येऊ लागली. रिफ्लेक्शनने, म्हणजे चालू प्रोग्रॅमलाच स्वतःची रचना तपासायला लावून, मेथड शोधायची, ‘मेकजेनेरिकमेथड’ला प्रकार द्यायचा, मग ‘इन्व्होक’. काम किचकट आणि संथ, पण ते शक्य झालं हीच मोठी मजल. 2010 मध्ये डॉटनेटवरच्या सी शार्प 4 भाषेतल्या ‘डायनॅमिक’ने हा खटाटोप बराच कमी केला; आर्ग्युमेंटचा खरा प्रकार पाहून रनटाइमच टाइप पॅरामीटर ठरवू लागला.