महापेच्या शेडमधली जमीन

ठाणे-बेलापूर रस्त्यावरून महापे एमआयडीसीत शिरलं की नजर काचेच्या उंच इमारतींवर जाते. या वसाहतीचा खरा भार मात्र शेडमधली राखाडी जमीन सोसते. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि ठाण्याची खाडी व पारसिकचा डोंगर यांच्यामधल्या पट्ट्यात कारखाने आले. यंत्रांना सारवलेली भुई चालणार नव्हती, काँक्रीटच हवं होतं. खडी तर उशालाच होती, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा दगड.

आपल्याकडे या जमिनीचा पूर्वज म्हणजे चुन्याचा कोबा. घाणीत मळलेला चुना, विटांचे तुकडे, कुठे गुळाचं तर कुठे बेलफळाचं पाणी, आणि मग धुमस घेऊन दिवसचे दिवस ठोकणं. तिकडे रोमन लोकांनी चुन्यात ज्वालामुखीची राख मिसळली आणि पँथिऑनचा 43 मीटर व्यासाचा घुमट उभा केला. 1824 साली लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्यानं पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. 1914 मध्ये पोरबंदरला सिमेंट तयार होऊ लागलं आणि 1936 मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन मुंबईत एसीसी ही सिमेंट कंपनी झाली.

पण माझ्या मते काँक्रीटच्या जमिनीचा इतिहास खऱ्या अर्थानं 1918 साली वळला. शिकागोच्या डफ अब्राम्स यांनी असंख्य ठोकळे फोडून दाखवून दिलं की काँक्रीटची ताकद पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते. पाणी वाढलं की ताकद उतरते. 50 किलोच्या गोणीला रासायनिक क्रियेपुरतं बारा-तेरा लिटर पाणी बास होतं. तेवढ्यात माल पसरत नाही, म्हणून साइटवर त्याच्या दुप्पट आणि पुष्कळदा त्याहूनही जास्त पाणी पडतं. पातळ माल ओढताना बिगाऱ्याचे खांदे कमी दुखतात, त्याला काय दोष द्यायचा? मग जास्तीचं पाणी वर येतं, गवंडी त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरवून घोटतो, आणि वर्षभरात त्या जमिनीचे पापुद्रे सुटून धूळ उडू लागते.

या अडचणीवर स्वीडनमध्ये जन्मलेले अमेरिकी अभियंता बिलनर यांनी 1930च्या दशकात तोड काढली: पाणी घालायचं, पण काम झालं की ते शोषून घ्यायचं. आज शेडमध्ये ‘ट्रीमिक्स’ म्हणतात ते हेच. ओल्या मालावर गाळणीचं कापड, त्यावर रबरी चटई, आणि पंप सुरू. नळीतून गढूळ पाणी धावतं. सहा इंचांची जमीन वीस-पंचवीस मिनिटांत इतकी आवळते की माणूस वर चालला तरी बुटाचा पुसटसाच ठसा उठतो. मग फिरती तबकडी आणि शेवटी पोलादी पाती. पुढच्या दिवसाभरात जॉइंट कापायचे, जाडीच्या पाव ते तृतीयांश खोल. नाहीतर आकसणारी जमीन स्वतःच्या मर्जीनं तडकते.

यानंतर मात्र पाण्याची कंजुषी करायची नाही. भोवती मालाच्या क्यारी बांधून पाणी कोंडायचं किंवा ओली गोणपाटं अंथरायची. आयएस 456 हे भारतीय मानक किमान सात दिवस सांगतं, फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला दहा. माल उतरवायच्या घाईत हेच दिवस कापले जातात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. पुढच्या कुठल्याही कोटिंगनं ही भरपाई होत नाही.

जमीन तयार झाल्यावरची निगा साधी आहे. वाळूचा कण चाकाखाली कानशीसारखा घासतो, म्हणून झाडू रोज. तेल सांडलं की लगेच भुसा टाकायचा. डाग काढायला अ‍ॅसिड कधीच नको: आपली खडी बेसाल्टची, ती टिकते, पण तिला धरून ठेवणारं सिमेंट विरघळतं आणि जमीन खरखरीत होते. थोडी धूळ सुटत असेल तर सोडियम किंवा लिथियम सिलिकेटचं द्रावण मुरवतात. ते सिमेंटमधल्या मोकळ्या चुन्याशी जुळून घट्ट होतं. रोमन राखेतली सिलिकाही चुन्याशी असंच वागत होती.

फोर्कलिफ्ट जिथून रोज जाते तिथल्या जॉइंटच्या कडा आधी ढासळतात. त्या अर्ध-कठीण इपॉक्सीनं वेळीच भरून घ्याव्यात. मऊ सीलंट चाकाखाली दबतं आणि कड उघडी पडते.